मोठा एम, छोटा एम

मॅडमनी माझी ओळख करून घेतली ती माझ्या खुर्चीत बसून.

तारापूरच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका औषधांच्या कंपनीत मी नुकतीच लागले होते. माल बाहेर पाठवायच्या विभागात माझं टेबल होतं. पहिल्याच दिवशी पाण्याची बाटली भरून परत आले, तर एक उंच, हडकुळ्या बाई माझ्या जागेवर बसून माझ्या कॉम्प्युटरचा माऊस हलवत होत्या. कडक इस्त्रीची सुती साडी, घट्ट अंबाडा, नाकावर घसरलेला चष्मा. त्यांनी वर न बघताच मला "बस" म्हटलं. बसायला दुसरी खुर्ची नव्हती, म्हणून मी उभीच राहिले.

"ही तारीख वाच. काय दिसायलंय?"

मी वाकून पाहिलं. पडद्याच्या कोपऱ्यात सात, आडवी रेघ, पाच असे आकडे होते. "सात मे," मी म्हटलं.

"कशावरून? पाच जुलै का नाही?"

"आज सात मे आहे ना, मॅडम."

"आज आहे. पण तू इथून छापलेला कागद कुणी सहा महिन्यांनी वाचला, तर त्याला काय माहीत तू कुठल्या आजमध्ये बसली होतीस?"

त्यांनी सेटिंग्ज उघडल्या, देश आणि भाषा निवडायच्या खिडकीत शिरल्या, तिथून आणखी आतल्या एका खिडकीत गेल्या आणि तारखेच्या चौकटीतली अक्षरं खोडून नवीन टाकली. वरच्या नमुन्याच्या ओळीत तारीख बदलली. आकडा, मग 'मे' हे अक्षरी नाव, मग वर्ष.

"लक्षात ठेव. मोठा एम म्हणजे महिना, छोटा एम म्हणजे मिनिट. मोठे दोन एम टाकले तर महिना आकड्यात येतो, तीन टाकले तर अक्षरात येतो. आपल्याला अक्षरात पाहिजे. आता वेळ. मोठा एच टाकला की चोवीस तासांचं घड्याळ, छोटा टाकला की बारा तासांचं. छोटाच ठेवायचा असेल तर शेजारी सकाळ की संध्याकाळ ते सांगणारी अक्षरं ठेवायचीच. ती काढली की घड्याळ मुकं होतं."

एवढं बोलून त्या उठल्या आणि पुढच्या टेबलाकडे गेल्या. त्या टेबलावरचा माणूस त्या येताना दिसल्याबरोबर चहा प्यायला निघून गेला. मागून कुणीतरी हळूच म्हणालं, "तारीखबाईंचा आशीर्वाद मिळाला. आता तू पक्की झालीस."

कंपनीतले सगळे कॉम्प्युटर आणि कागदपत्रांची व्यवस्था मॅडमच्या ताब्यात होती. त्या मूळच्या लातूरच्या. बोईसरला येऊन त्यांना इतकी वर्षं झाली होती की स्टेशनबाहेरचे जुने रिक्षावाले त्यांना ओळखायचे, तरी बोलण्यातलं लातूर काही सुटलं नव्हतं. एकट्या राहायच्या. लग्न का केलं नाही, हे विचारायची कुणाची छाती नव्हती. विचारलं असतं तर त्यांनी आधी प्रश्नातली संदिग्धता दाखवून दिली असती.

संदिग्धता हा त्यांचा आवडता शब्द होता. आणि तिच्याशी त्यांचं वैर होतं, ते फक्त कंपनीच्या आवारापुरतं नव्हतं. त्यांच्या घरी मी एकदा गेले होते, तेव्हा फ्रिजमधल्या प्रत्येक डब्यावर चिकटपट्टी दिसली. लिंबाचं लोणचं, खोबऱ्याची चटणी, भिजवलेले हरभरे, सगळ्यांवर तारीख, आणि महिना अर्थातच अक्षरात. "हरभरे काय महिनाभर ठेवणार का तुम्ही?" मी विचारलं. "नाही," त्या म्हणाल्या, "पण अर्धवट लिहायची सवय लागली की ती हरभऱ्यापाशी थांबत नाही."

पालघरच्या एका दातांच्या डॉक्टरांकडे मी त्यांच्यासोबत गेले होते. दाढ दुखत होती, गाल सुजला होता. त्या खुर्चीत आडव्या पडलेल्या, तोंडात दोन नळ्या, वर दिवा, आणि डॉक्टर आपल्या कॉम्प्युटरवर पुढच्या भेटीची तारीख टाकताहेत. मॅडम अचानक हात हलवायला लागल्या. डॉक्टरांना वाटलं, फार दुखतंय. त्यांनी नळ्या काढल्या. मॅडम तोंड पुसून शांतपणे म्हणाल्या, "डॉक्टर, तुमच्या मशीनवर महिना आधी आणि दिवस नंतर आहे. अमेरिकेतल्यासारखं. मी तुमच्याकडे यायचं कधी?" डॉक्टर सज्जन होते. ते हसले आणि माऊस त्यांच्या हातात दिला. एका बाजूचा गाल बधिर असताना मॅडमनी त्यांची सेटिंग बदलून दिली, आणि मग दाढ काढून घ्यायला परत आडव्या झाल्या.

बँकेत मात्र त्यांना कुणी माऊस देत नसे. तिथे त्या काचेपलीकडच्या माणसाला तोंडी सांगायच्या. तो मान डोलवायचा आणि काहीच करायचा नाही. बाहेर पडताना मॅडम म्हणायच्या, "याच्या हातात नाही ते. वरून कुलूप असतं." या एका गोष्टीचं मला नवल वाटायचं. त्या कधी माणसावर रागावत नसत. चिडायच्या त्या फक्त चौकटीतल्या अक्षरांवर.

अपवाद आमच्या अकाउंट्सच्या साहेबांचा. त्यांची एक भलीमोठी शीट होती. मॅडमनी एका दुपारी त्यांच्या मशीनवरची तारीख बदलली आणि त्या शीटमधल्या अर्ध्या तारखा उजवीकडे आणि अर्ध्या डावीकडे जाऊन बसल्या. साहेब टेबलावर हात आपटून म्हणाले, "हे तुम्ही बिघडवलंत."

"मी नाही बिघडवलं. डावीकडे गेल्यात त्या तारखा नव्हत्याच. नुसती अक्षरं होती, शीटमध्ये अक्षरं डावीकडे लागतात. इतके दिवस तारखेचे कपडे घालून बसली होती."

साहेबांनी दुसऱ्या दिवशी सकाळी सेटिंग परत पहिल्यासारखी केली. दुपारी जेवणाच्या सुट्टीत मॅडमनी ती पुन्हा बदलली. हे बरेच दिवस चाललं. मग मॅडमनी तहाचा एक प्रस्ताव आणला. सकाळ-संध्याकाळच्या इंग्रजी अक्षरांच्या जागी आपल्याला हवा तो शब्द टाकता येतो, तशी चौकट असते. त्यांनी साहेबांच्या मशीनवर तिथे मराठीत 'सकाळ' आणि 'संध्याकाळ' टाकलं. साहेबांना ते फार आवडलं. येणाऱ्याजाणाऱ्याला ते पडद्याचा कोपरा दाखवायचे. मग एक दिवस जेवून आले आणि बघतात तर घड्याळात दीड वाजलाय आणि पुढे 'संध्याकाळ'. "मॅडम, दुपार कुठे गेली?" त्यांनी विचारलं. मॅडमनी खिडकीत पुन्हा शिरून पाहिलं. चौकटी दोनच होत्या. त्या दिवशी पहिल्यांदा त्या हरल्यासारख्या दिसल्या, आणि त्या दिवसापासून दोघांचं बरं जमायला लागलं.

खरं म्हणजे मराठीवर त्यांचा भारी विश्वास होता. कंपनीत कुणाच्या लग्नाची पत्रिका आली की त्या आधी वेळ वाचायच्या. "बघ. 'सायंकाळी ६ वाजून १० मिनिटांनी.' आपला माणूस नुसतं सहा म्हणतच नाही. सकाळी सहा, संध्याकाळी सहा. पहाटे चार, दुपारी चार. हे जरा कॉम्प्युटरवाल्यांनी आपल्याकडून शिकायला हवं होतं."

हिंदीशी मात्र त्यांचं पटत नव्हतं. आमच्या गोदामात माल चढवणारे बहुतेक उत्तरेकडचे. त्यांच्यातला एक वयस्क मुकादम होता. तो एकदा येऊन म्हणाला, "मॅडम, कल वाला माल गेट पर खड़ा है."

"कौनसा कल?"

"कल वाला, मॅडम."

"वोही तो पूछ रही हूँ. कल जो चला गया, या कल जो आनेवाला है?"

मुकादम विचारात पडला. जन्मभर वापरलेल्या शब्दाकडे कुणी असं बोट दाखवलं तर माणूस गोंधळतोच. त्या दिवसापासून गोदामात 'कल' हा शब्द बंद झाला. 'गयावाला' आणि 'आनेवाला' असे दोन शब्द रुळले. बाहेरून आलेला ट्रक ड्रायव्हर हे ऐकून चक्रावून जाई. "गयावाला माल अंदर लो, आनेवाला उधर रखो." पण चुकीच्या गाडीत चुकीचा माल जायचं थांबलं, हे मुकादमच सांगायचा.

एकदा कँटीनमध्ये मी धीर करून विचारलं. "मॅडम, तुमच्या बाबतीत कधी काही झालं होतं का? तारखेवरून? म्हणून तुम्ही इतकं..."

त्यांनी ताक संपवलं. "काही व्हायलाच पाहिजे का गं? तुझ्या आईनं तुला दाराला कडी घालायला शिकवलं, तेव्हा घरात चोरी झाली होती का?"

मी हसले. पण तेव्हा माझ्याही मनात तेच होतं जे सगळ्यांच्या मनात होतं. बाई हुशार आहे, प्रेमळ आहे, आणि या एका बाबतीत थोडी वाकडी आहे.

आमचं गाव केळव्याच्या पलीकडे, खाडीच्या तोंडाशी. घरं पन्नास-साठ, त्यातली निम्मी मासेमारीवर. माझे बाबा तांडेल, म्हणजे बोट चालवणारे. बोट आमची स्वतःची. तिच्यावर बाबा, माझा भाऊ आणि दोन खलाशी असायचे. मी शिकले, बोईसरला नोकरीला लागले, तेव्हा बाबा म्हणाले होते, "एक तरी जमिनीवर राहू दे."

दिवाळीनंतरची गोष्ट. दर्यात कुठेतरी लांब वादळ होतं, आमच्याकडे फक्त वारा येईल असं सांगितलं होतं. पण वारा आला तो भर दुपारी, आणि असा आला की गावातल्या दोन घरांचे पत्रे उडाले. वीज गेली. बाहेर गेलेल्या बोटी एकेक करून परत येऊ लागल्या. संध्याकाळी वारा पडला, आणि अंधार पडेपर्यंत सगळ्या आल्या. आमची आली नाही. फोन लागत नव्हता, वायरलेसवर उत्तर नव्हतं. आई रात्रभर धक्क्यावर बसून होती. मी तिच्याशेजारी बसून होते. त्या रात्रीबद्दल मला जास्त काही लिहायचं नाही.

सकाळी वीज आली तशी मच्छीमार सोसायटीच्या ऑफिसात सगळे जमले. तिथे एक कॉम्प्युटर होता. बोटींवर सिग्नल पाठवणारी छोटी यंत्रं बसवलेली होती, आणि कुठली बोट शेवटची कुठे होती आणि किती वाजता, ते त्या कॉम्प्युटरवर दिसायचं. सोसायटीचे कारकून, ज्यांना आम्ही सगळे काका म्हणायचो, त्यांनी आमच्या बोटीची ओळ उघडली. कालची तारीख. वेळ सहा वीस. जागा डहाणूच्या समोर, बरीच आत.

"सकाळचे सहा वीस," कुणीतरी म्हणालं. हिशेब सगळ्यांनाच कळला होता. वादळ दुपारी आलं. बोट सकाळपर्यंत होती. त्यानंतर तिचा आवाजच नाही.

काकांनी ती जागा आणि ती वेळ शोध घेणाऱ्या तटरक्षक दलाला कळवली. तिकडून सांगितलं, सकाळची जागा असेल तर त्यानंतरचं वादळ आणि वाऱ्याची दिशा बघता बोट किंवा जे काही असेल ते उत्तरेला गुजरातच्या बाजूला वाहत गेलं असणार, तिकडे शोधू. 'जे काही असेल ते' हे शब्द काकांनी फोन ठेवल्यावर आम्हाला सांगितले नाहीत, पण फोनचा आवाज मोठा होता.

मी बाहेर येऊन मॅडमना फोन केला. आज येत नाही एवढंच सांगायचं होतं. पण बोलता बोलता सगळं सांगितलं आणि रडायला लागले. मॅडमनी मला रडू दिलं. मग विचारलं, "शेवटचा सिग्नल किती वाजता?"

"सहा वीस."

"सकाळचे की संध्याकाळचे?"

"सकाळचे."

"हे कुणी सांगितलं?"

"कॉम्प्युटरवर आहे, मॅडम."

"कॉम्प्युटरवर जे आहे ते अक्षर न् अक्षर मला वाचून दाखव."

मला इतका संताप आला की फोन फेकून द्यावासा वाटला. माझा बाप आणि भाऊ दर्यात आहेत, आणि ही बाई मला परीक्षा घेतल्यासारखं विचारते. तरी मी आत गेले आणि पडद्यावरून वाचलं. "शून्य सहा, दोन टिंबं, वीस."

"पुढे काही अक्षरं?"

"काही नाहीत."

"कुठल्याच बोटीच्या पुढे नाहीत?"

"नाहीत."

"कुणी कशाला हात लावू नका. मी येते," त्या म्हणाल्या.

"फोनवर सांगा ना, काय ते."

"फोनवर सांगून माझं चुकलं तर? तुझ्या आईला मी काहीतरी सांगायचं आणि ते खोटं निघायचं, हे मला चालणार नाही. मी येते."

बोईसरहून रिक्षा करून त्या आल्या. वाटेत झाडं पडलेली, रस्ता दोन ठिकाणी अडलेला. एका ठिकाणी उतरून, साडी वर खोचून, चिखलातून चालत पलीकडच्या रिक्षात बसल्या, असं नंतर कळलं. सोसायटीच्या ऑफिसात शिरल्या तेव्हा कुणालाच कळेना ही कोण. मी सांगितलं, आमच्या कंपनीच्या मॅडम. काकांनी उठून खुर्ची दिली. त्या बसल्या नाहीत. उभ्यानेच पडद्याच्या कोपऱ्यातलं घड्याळ पाहिलं.

"हे घड्याळ आत्ता काय दाखवतंय?" त्यांनी काकांना विचारलं.

"दहा वाजून पाच."

"आणि तुम्ही रात्री दहा वाजता इथे असता तर काय दाखवलं असतं?"

काका गोंधळले. "दहाच ना."

"बरं. रोज संध्याकाळी सहा वाजता तुम्ही ऑफिस बंद करता, तेव्हा काय दिसतं? अठरा दिसतं का कधी?"

"नाय. सहाच दिसतं." काकांच्या चेहऱ्यावर हळूहळू काहीतरी बदलत गेलं. "आधी पुढे इंग्रजी अक्षरं यायची. तो कॉलम लहान, त्यात मावायची नाय, आकड्यांवर चढायची. म्हणून आमी काढून टाकली."

"त्यात काही चूक नाही. कुणीही काढली असती," मॅडम म्हणाल्या. मग त्यांनी माझ्याकडे वळून पाहिलं. "हे सहा वीस सकाळचेही असू शकतात, संध्याकाळचेही. अजून आपल्याला माहीत नाही. मी अंदाज करणार नाही. बदलून बघू."

त्या खुर्चीत बसल्या. सेटिंग्ज उघडल्या. मी हजारदा पाहिलेली ती खिडकी. वेळेच्या चौकटीत दोन छोटे एच होते. त्यांनी ते खोडून मोठे टाकले. कोपऱ्यातलं घड्याळ दहाच दाखवत राहिलं, कारण सकाळच होती. आणि बोटींच्या यादीत काहीच बदललं नाही. आमच्या बोटीपुढे तेच, सहा वीस.

माझी आई इतका वेळ दाराशी उभी होती. ती पुढे आली. "सकाळचंच हाय मंग," ती म्हणाली.

"नाही हो. हा प्रोग्राम आधीपासून उघडा आहे. त्याला नवीन सेटिंग अजून कळलेली नाही. तो बंद करून परत उघडायला लागेल."

"बंद नका करू." आईने मॅडमचं मनगट धरलं. "आमची बोट त्यात दिसते. तेवढीच दिसते. बंद केलंत आन् परत नाय आली तर?"

नेट सकाळपासून येत-जात होतं हे सगळ्यांना माहीत होतं. काकाही म्हणाले, "मॅडम, एकदा बंद केल्यावर कधी कधी तासभर उघडत नाय."

मला वाटलं मॅडम समजावून सांगतील. माहिती इथे नसते, दुसरीकडे साठवलेली असते, वगैरे. त्यांनी तसलं काही सांगितलं नाही. आपला फोन काढून पडद्याचा फोटो घेतला, आणि तो फोन आईच्या हातात दिला. "ही बघा तुमची बोट. ही जागा, ही वेळ. हे तुमच्यापाशी राहू द्या. आता ती कुठे जाणार नाही. मी बंद करू?"

आईने फोन दोन्ही हातांत धरला. बराच वेळ त्याकडे पाहिलं. मग होकाराची मान हलवली.

मॅडमनी प्रोग्राम बंद केला. परत उघडला. पांढरा पडदा आला, त्यावर फिरणारं वर्तुळ आलं, आणि ते फिरतच राहिलं. ऑफिसात माणसं खच्चून भरली होती. मी पडद्याकडे बघू शकत नव्हते. मी माऊसवरच्या मॅडमच्या हाताकडे बघत होते.

मग यादी आली. मॅडम एकेक ओळ खाली खाली सरकत गेल्या आणि आमच्या बोटीच्या नावापाशी थांबल्या.

"वाचा," त्या काकांना म्हणाल्या.

"अठरा वीस," काका म्हणाले. आणि मग सगळ्यांना ऐकू जाईल असं, "संध्याकाळचे सहा वीस. वादळ गेल्यावर. वादळ गेल्यावर बोट व्हती."

पुढे काय झालं ते तुटक आठवतं. काका फोनवर मोठमोठ्याने बोलत होते, "सकाळचे नाय साहेब, संध्याकाळचे, आमची चूक, संध्याकाळचे. म्हंजे डहाणूसमोरच बघा." आई जमिनीवर बसली होती. कुणीतरी तिला पाणी दिलं. मॅडम खुर्चीतच बसून होत्या, चष्मा काढून पदराने पुसत होत्या.

दुपारी निरोप आला. बोट डहाणूसमोर सापडली होती. इंजिन बंद, वायरलेस भिजून गेलेला, चौघे ठीक. मासेमारीच्या दुसऱ्या एका बोटीने तिला दोर बांधला होता आणि तटरक्षक दलाची बोट सोबत होती. ऑफिसाच्या आवारात बायका एकमेकींच्या गळ्यात पडल्या. मी मॅडमना शोधायला गेले तर त्या रस्त्यावर रिक्षाची वाट बघत उभ्या होत्या.

"निघालात?"

"उद्या ऑडिट आहे. गयावाला माल अजून लावायचाय." मग जरा थांबून म्हणाल्या, "तू चार दिवस येऊ नकोस."

मी परत कामावर गेले तेव्हा कंपनीत सगळ्यांना समजलं होतं. सगळ्यांना वाटत होतं, आता मॅडम मीटिंगमध्ये हे सांगणार, आता कुणाची सुटका नाही. अकाउंट्सच्या साहेबांनी तर त्या दिवशी आपल्या मशीनवरची सेटिंग आधीच बदलून ठेवली होती. मॅडम मात्र सरळ माझ्या टेबलापाशी आल्या आणि विचारलं, "वडील नीट जेवतात का?"

आईने मात्र त्यांना घरी बोलवायचा धोशा लावला. पुढच्या एका रविवारी त्या आल्या. त्या मासे खात नाहीत हे कळल्यावर आई हादरली होती. मासे न खाणाऱ्या माणसाला नक्की काय वाढतात, हे तिने शेजारच्या वाडीतल्या दोन बायकांना विचारून घेतलं. मग वालाचं बिरडं, केळफुलाची भाजी, तांदळाच्या भाकऱ्या आणि खोबऱ्याच्या वड्या असा बेत झाला.

बाबा फार बोलणारे नव्हेत. त्या दिवसाबद्दल ते आम्हा घरच्यांशीही फारसं बोलले नव्हते. पण जेवताना त्यांनी भाकरी मोडता मोडता मॅडमकडे न बघताच बोलायला सुरुवात केली.

"इंजिन दुपारीच गेलं. पानी भरत व्हतं, आमी उपसत व्हतो. तो सिग्नलचा डब्बा सकाळपासूनच बंद पडला व्हता, वायर तुटली व्हती. वारा पडला, तवा संध्याकाळ झालती. पोराला म्हटलं, बॅटरीत थोडा जीव हाय, तो डब्याला देऊ या. दिवा नको, काय नको. वायर दातानं सोलली आन् लावली. बारीक हिरवी बत्ती पेटली. थोडा वेळच पेटली, मंग गेली." त्यांनी घास गिळला. "पोरगा म्हनला, बाबा, एवढ्यात कोन बघनार? मी म्हटलं, बघल कोनीतरी."

हे आम्ही कुणीच ऐकलेलं नव्हतं. आई भाकरी थापायची थांबली. सकाळपासून बंद असलेला डबा. म्हणजे तो एकच सिग्नल होता, आणि बाबांनी तो मुद्दाम पाठवला होता. आणि आम्ही सगळ्यांनी तो वाचला होता, आणि उलटा वाचला होता.

मॅडम ताटाकडे बघत होत्या. मग त्यांनी मान हलवली. बाबांनीही हलवली. मग बाबा आईला म्हणाले, "वाड की बायला. ताट रिकामं हाय."

जेवण झाल्यावर मॅडम ओटीवर येऊन बसल्या. समोर सुकत टाकलेली जाळी, त्यापलीकडे खाडी. आईने त्यांच्यासाठी चटई टाकली, उशी दिली. "पाचच मिनिटं टेकते," त्या म्हणाल्या. "चारची गाडी आहे मला केळवे रोड स्टेशनवरून. ती चुकवून चालणार नाही." मी त्यांना ओळखत होते. त्या आयुष्यात कधी गाडीला उशिरा पोचल्या नव्हत्या. लवकर जाऊन फलाटावर बसायच्या.

मी आत भांडी आवरून बाहेर आले तर त्या झोपल्या होत्या. गाढ, तोंड थोडं उघडं, चष्मा बाजूला, अंबाडा सुटून केस उशीवर पसरलेले. कडक इस्त्रीची साडी चुरगळून गेली होती. आई शेजारी बसून हलक्या हाताने माश्या वारत होती.

"आई, त्यांची गाडी," मी हळूच म्हटलं.

आईने ओठांवर बोट ठेवलं. बाबाही कुंपणापाशी जाळं विणत बसले होते, त्यांनी माझ्याकडे पाहून 'उठवू नको' अशी मान हलवली. मी उंबऱ्यावर बसले. थोड्या वेळाने लांबून गाडीची शिट्टी ऐकू आली, मोठी झाली आणि बोईसरच्या बाजूला विरत गेली. मॅडमनी कूस बदलली आणि आईच्या मांडीला टेकून तशाच झोपून राहिल्या.